जाऊ द्या

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण गीतांजली माझी मामेबहीण आहे आणि थापा मारणं तिच्या रक्तातच नाही. मागच्या हिवाळ्यात अमरावतीच्या सिटी बसमध्ये हे घडलं.

बडनेऱ्याच्या गाडीवर गीतांजली कंडक्टर, आणि तिचा नवरा विपुल त्याच गाडीचा ड्रायव्हर. गाडी पार खटारा. घंटी कधीचीच बंद पडलेली. ठेकेदाराला सांगितलं तर म्हणे, "गाडीच भंगारात चालली, तं घंटीचं काय घेऊन बसल्या?"

म्हणून प्रत्येक स्टॉपवर गीतांजली मागून ओरडायची, "जाऊ द्याऽऽ!"

ती ओरडेपर्यंत विपुल गाडी हलवायचा नाही. तोवर तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची प्लास्टिकची पन्नी तळहातावर घोटत निवांत बसायचा. प्रवासी चिडवायचे, "बायकोचा हुकूम लागते याले!" तो नुसता हसायचा.

दिवाळीनंतर विपुल छातीत कळ येऊन कोसळला. दवाखान्यात त्याचा श्वास घरघरत होता. डॉक्टरांनी हात टेकले.

सासू, माणिकबाई, रडत म्हणाली, "लय हाल होऊन राह्यले पोराचे. गीता, तू म्हण त्याले, जाय म्हण. तुह्यात जीव अडकला त्याचा."

गीतांजलीनं तोंड उघडलं नाही. कसं उघडेल?

ती पाणी आणायला बाहेर गेली...

तेवढ्यात तो गेला.

महिन्याभरानं ती कामावर आली. नवे ड्रायव्हर सहदेवभाऊ. ते दोन शब्द काही केल्या तिच्या तोंडून फुटेनात. ती पत्र्यावर दोनदा थाप मारायची. सहदेवभाऊंनी कारण विचारलं नाही. भला माणूस.

त्याच दिवशी दिवेलागणीला बडनेऱ्यात सगळे प्रवासी उतरले. रिकामी गाडी डेपोत न्यायची होती. गीतांजलीनं पत्र्यावर थाप मारली.

गाडी सुरूच होईना.

चाबी खिशात टाकून सहदेवभाऊ इंजिन बघायला उतरले.

रस्त्यावरचा गलका एकदम बंद झाला.

आणि मग...

खर्र... खर्र...

पन्नी घोटण्याचा आवाज. ड्रायव्हरच्या सीटवरून!

सीट रिकामी होती.

"तुमी हाय का जी?"

आवाज थांबला.

खोटं कशाला सांगू, तिला भीती वाटली नाही. उलट जीव भांड्यात पडला. दांडा धरत ती पुढे आली. "जाऊ नका. असेच बसून राहा..."

उत्तर आलं नाही.

आली ती घरघर...

दवाखान्यातलीच. एक श्वास... मग दुसरा, आणखी जड.

म्हणजे त्याचे हाल अजून सुरूच होते. तिच्या एका होकारासाठी.

तिनं कानांवर हात दाबले. तरी ऐकू येतच होतं. शेवटी डोळे घट्ट मिटून ती हुंदक्यातच बोलली, "जाऊ द्या..."

धडधडत इंजिन सुरू झालं.

सहदेवभाऊ धावतच आत आले. "अवो ताई, कोनं सुरू केली गाडी? चाबी तं माह्या खिशात हाय!"

घरघर थांबली होती.

डेपोतल्या मेकॅनिकला काहीच दोष सापडला नाही. गाडी आता एका झटक्यात सुरू होते. पण बडनेऱ्यात प्रवासी उतरले, की गीतांजली पुढच्या बाकावर येऊन बसते... कान देऊन.

काहीच ऐकू येत नाही.

परवा मला म्हणाली, "सुटले ते... पण मी काहून म्हटलं रे, दादा?"