नावाजवळ अडलेलं गाणं

हळदीच्या मांडवात बायकांचा सूर चढला होता, आणि नवरदेवाचं नाव घ्यायच्या नेमक्या जागी रंजनाबाईंचा आवाज एकाएकी थांबला...

पाटावर बसलेला तो पिवळाधमक मुलगा त्यांचा पुतण्या. त्याच्या जन्मानंतर धाकटी जाऊ बेबीबाई वर्षभर अंथरुणाला खिळली, तेव्हा बालवाडीची नोकरी सोडून निपुत्रिक रंजनाबाईंनीच त्याला वाढवलं होतं. त्याचा गोवर, त्याचे हट्ट, हनुवटीवरची खूण, सारं डोळ्यांपुढे होतं. फक्त नाव... नाव कुठेच नव्हतं!

कोणीतरी फिसकन हसलं. बेबीबाई ताडकन म्हणाली, "पोटना नही ना, म्हनीसन नाव बी येत नही!"

लज्जेने रंजनाबाईंचा चेहरा जळू लागला. त्या तशाच मागच्या खोलीत गेल्या आणि पिशवीत लुगडी कोंबू लागल्या. अक्कलकुव्याला, भावाकडे निघून जावं... शुभकार्यात हे काळं तोंड कोणाला दिसू नये!

"मोठी माय, मी आते सांगी देस सगळासले," दारातून रोशनी म्हणाली. नवरदेवाची ही बहीण रंजनाबाईंच्या कॅन्सरच्या केमोसाठी सहाही वेळा त्यांच्यासोबत सुरतला गेली होती.

"नको व माय! तू शपथ लेयेल शे."

पण रोशनीने ती शपथ मोडली. मांडवात उभी राहून तिने रडत रडत सांगितलं, की गाठ जिरवणाऱ्या त्याच औषधांनी मोठ्या मायची स्मृती मंदावली आहे, ओठांवरचे शब्द निसटतात. हे वेड नव्हे, बहुतेकांना हळूहळू बरं वाटतं, घरच्यांना सांगा, असं डॉक्टर म्हणाले होते. पण, "नवरीना घरना काय म्हनतीन? लगीन मोडी जाई," असं म्हणून मोठ्या मायने तिचं तोंड बंद केलं होतं. उकळता चहा विसरल्याबद्दल, दोनदा मीठ घातल्याबद्दल घरादाराची बोलणी ती मुकाट्याने गिळत होती!

हळदीच्या अंगानेच नवरदेव धावत मागच्या खोलीत आला आणि रंजनाबाईंच्या पायांशी बसला. रंजनाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, ओठ हलले... आणि त्यांनी पदराने तोंड झाकून घेतलं.

"नही येत रे, बेटा... आते बी नही येत!"

"ऱ्हाऊ दे. मी हेमकांत. दहादा इसरनी तरी दहादा सांगसू."

"हेमकांत..." त्या पुटपुटल्या, पण मान वर होईना.

दाराच्या चौकटीला धरून बेबीबाई उभी होती. आत पाऊल टाकायची तिची हिंमत होत नव्हती.

"बाई," ती तिथूनच म्हणाली, "तुम्ही तं दवाईमुये इसरन्यात... मन्हं पोर कोनी वाढवं, हाई मी कसामुये इसरनी व?"