राखाडी शिपायाचा उजवा खांदा

माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. नवऱ्यानं नाही, दिरानं नाही, ज्याचं काम मी इतकी वर्षं इमानानं केलं त्या काचवाल्यानंसुद्धा नाही. आणि मजा बघा, त्याच्या थोडेच दिवस आधी मी एक धडधडीत खोटं बोलले होते, तेव्हा घरच्यांनी पहिल्या फटक्यात मान डोलावली होती. म्हणून आता सांगते ते सगळं सांगते. माझी लाज झाकून काही ठेवत नाही.

मी चौथी शिकलेली बाई. खेळण्यांच्या कारखान्यात एकोणीस वर्षं बाहुल्यांना हातपाय बसवले. कारखाना बंद पडला, तेव्हा अंगात एवढीच एक कला उरली. मग काचवाला भेटला. चाळिशी उलटलेला, दाढी पिकलेला माणूस, आणि घरात भिंतभर काचेची कपाटं. आत वीतभर उंचीचे शिपाई, यंत्रमानव, तलवारवाले. तो त्यांना फिगर म्हणायचा, मी बाहुले.

"काकू, बाहुले नका हो म्हणू," तो म्हणायचा.

"बरं, साहेब म्हणते. आज कुठल्या साहेबांचा पाय निखळलाय?"

हे बाहुले जुने झाले की त्यांचे सांधे ढिले पडतात. हात वर केला की आपसूक खाली येतो, पायावर उभे राहत नाहीत. मी काय करायची, बाहुला गरम पाण्यात धरायची. प्लास्टिक मऊ पडलं की हात ओढून काढायची, खांद्याच्या गोळीला बिनरंगाचं नेलपॉलिश लावायची आणि ओलं असतानाच हात परत खोबणीत बसवायची. खरं काम त्यापुढे. पॉलिश वाळेपर्यंत तो हात हलवत राहायचा. वर, खाली, वर, खाली. मध्येच थांबलात की पॉलिश खोबणीला धरतं आणि सांधा जन्माचा जाम.

माझं टेबल सासूबाईंच्या खोलीत होतं, कारण घरात चांगला उजेड तिथेच. सासूबाईंचं उजवं अंग गेलं होतं आणि वाचाही गेली होती. डोळे मात्र सुईसारखे. पलंग उजव्या बाजूनं भिंतीला लावलेला, म्हणजे त्या पडू नयेत. हॉस्पिटलमधून व्यायामवाली बाई एकदा येऊन सगळं दाखवून गेली. रोज खांदा वीस वेळा, कोपर वीस वेळा, गुडघा वीस वेळा.

"हलवत राहा," ती म्हणाली. "थांबलात की आखडेल. मग माझ्याही हातात काही राहणार नाही."

मी हसले. "बाई, हे मला नका शिकवू. माझा धंदाच हा आहे."

हात माझ्याकडे, पाय धाकटीकडे, असं आम्ही दोघींनी वाटून घेतलं. धाकटी म्हणजे माझी जाऊ. आमच्या घरात सुनांना नावानं हाक मारत नाहीत. लग्न होऊन आले त्या दिवसापासून मी थोरली, ती आली तेव्हा ती धाकटी. सासूबाईंनीच ही नावं पाडली. भिंतीवर एक कागद लावला, त्यावर दोन रकाने, हात आणि पाय. झालं की खूण करायची. सासूबाईंना त्यातलं काही वाचता येत नव्हतं. त्या आयुष्यभर अंगठा उठवत आल्या.

धाकटी लाँड्रीत इस्त्रीच्या कामाला जायची. जायच्या आधी पाय करायची आणि तोंडानं बडबड चालू. "चला आई, शर्यत लावू. दारापर्यंत आधी कोण पोहोचतं बघू!" सासूबाईंचं अर्धं तोंड हसायचं. बाकी धाकटी वेंधळी. दूध उतू घालवणार, किल्ल्या हरवणार. घरात तिची चेष्टा व्हायची आणि मी कामसू म्हणून मिरवायचे.

मग काचवाल्यानं एक खोकं आणलं. एका पलटणीचे चाळीस शिपाई, राखाडी गणवेश, झाडून सगळ्यांचा उजवा खांदा ढिला. त्याला ते प्रदर्शनात मांडायचे होते. मी दुपारी बसायची ती उजेड असेपर्यंत उठायची नाही. पॉलिश लावलेला शिपाई सोडून उठता येत नाही ना! सासूबाईंचा हात एक दिवस राहिला. मग दोन दिवस. मग मी नुसत्या खुणा करायला लागले.

नीट ऐका. बाहुल्यांचे खांदे मी वीस वीस वेळा हलवत होते आणि चार पावलांवर माझी सासू ते बघत पडली होती. बाहुल्याचा हात वर गेला की तिचे डोळे वर, खाली आला की खाली. एकदा तिनं डाव्या हातानं आपला उजवा हात उचलून मला दाखवला. घशातून आवाज काढला.

"थांबा हो आई," मी मान वर न करता म्हणाले. "एवढा एक होऊ दे."

एवढा एक कधी झालाच नाही.

सहा आठवड्यांनी, रविवारी दुपारी, दाराची घंटा वाजली. माझ्या हातात शेवटचा शिपाई, खांदा ओला. मी तो तसाच टेबलावर ठेवला आणि दार उघडलं. व्यायामवाली बाई. सगळे घरात होते. तिनं सासूबाईंचा उजवा हात धरून वर केला. अर्ध्यावर गेला आणि आतून आवाज आला... कट्. त्यापुढे वर जाईना, खालीही येईना.

"हात कोण करत होतं?" तिनं विचारलं.

कागदावर रकाने होते, नावं नव्हती. माझ्या तोंडून निघालं, "धाकटी."

"ताई..." धाकटी म्हणाली. "असं काय बोलता? हात तुमच्याकडे होता."

"पाय माझ्याकडे होते. बघा किती मोकळे आहेत."

हे मी बोलले. तिनं सहा आठवडे रोज पहाटे उठून मोकळे ठेवलेले पाय, ते मी माझ्या पदरात घातले. दीर तिच्याकडे बघून एवढंच म्हणाला, "किल्ल्या हरवतेस ते ठीक होतं गं..." आठवड्याभरात ती बॅग भरून माहेरी गेली. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. मी पलंगाचा पडदा ओढून घेतला.

टेबलावरचा शिपाई तसाच जाम झाला होता, हात अर्धवट वर. मी तो इतरांत मिसळून टाकला. कोण बघतंय?

धाकटी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी चाळीस शिपाई रांगेत मांडून मी त्या जाम झालेल्या एकाखेरीज सगळ्यांचे हात खाली केले आणि चहा टाकायला गेले. येऊन बघते तर सगळे उजवे हात अर्धवट वर. चाळीसच्या चाळीस. उंची एकच, आणि ती उंची माझ्या ओळखीची होती. मी एकाचा हात धरून खाली ओढला. पडद्याच्या आतून आवाज आला... कट्. आणि सासूबाई कण्हल्या.

लख्ख दुपार होती. खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत होता.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "पॉलिशचा वास डोक्यात गेलाय तुझ्या. खिडकी उघडी ठेवत जा." मी खोकं भरून काचवाल्याकडे पोहोचवलं. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला.

"काकू, सगळे जाम आहेत. गरम पाण्यानंही सुटत नाहीत."

"मी एकेक वीस वेळा हलवलाय," मी म्हणाले, आणि तो एक सोडला तर ते खरं होतं.

"हलवला असता तर असं झालं असतं का?" तो हळूच म्हणाला. पुन्हा काम दिलं नाही.

त्याचे शब्द काळजात रुतले. मी पडदा बाजूला केला, गरम पाण्यात टॉवेल पिळला आणि सासूबाईंच्या खांद्यावर ठेवला. काखेशी काहीतरी चकाकत होतं. वाटलं, घाम असेल. पुसलं, जाईना. नखानं खरवडलं तर पापुद्रा निघाला. पातळ, पारदर्शक. नाकाशी नेला... तोच वास.

मी सासूबाईंना कधी नेलपॉलिश लावलं नाही. घरात बाटली एकच, ती माझ्या टेबलावर, झाकण घट्ट.

त्याच संध्याकाळी मी नवरा आणि दीर दोघांना समोर बसवलं. "आईंचा हात माझ्यामुळे गेला. खुणा खोट्या होत्या. धाकटीचा काही दोष नाही."

नवऱ्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. "तिला परत आणायचं म्हणून स्वतःवर कशाला घेतेस?"

"वहिनी, तुमचं मन मोठं आहे," दीर म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

कुणी मुस्काटात मारली असती तर बरं वाटलं असतं. मी ओरडले, शपथा घातल्या. जितकी ओरडले तितकी त्यांच्या नजरेत मोठी होत गेले. ती बाटली मी कचऱ्याच्या गाडीत टाकली. टेबल घासूनपुसून गच्चीवर नेलं.

मग धाकटीकडे गेले. ती इस्त्री करत होती. मी तिचे पाय धरायला वाकले, तर तिनं इस्त्री पुढे धरली. "लांबून बोला, ताई. आणि मला काय सांगता? मला ठाऊकच आहे. त्यांना सांगा."

"सांगितलं. त्यांना पटत नाही."

ती हसली. त्या हसण्यात पूर्वीचं काही नव्हतं. "वा! म्हणजे आता तुमची पाळी." मग इस्त्री उभी करून म्हणाली, "आईंना बघायला येईन. राहायला नाही. ते दोघं आपल्या तोंडानं चूक कबूल करतील, तेव्हा राहायला."

ती रविवारी आली. तिच्या माहेराहून एकटीच. बाटली जाऊन दोन आठवडे झाले होते. दीर दारात अवघडून उभा, नवरा खुर्चीत, मी पायथ्याशी. खिडकीतून तिरपं ऊन येत होतं. धाकटीनं सासूबाईंच्या पांघरुणात हात घालून पाय चोळले, आणि सासूबाईंचं अर्धं तोंड किती दिवसांनी हसलं.

मग ती त्यांचा उजवा हात बघायला पलंगावरून वाकली. तो हात अर्ध्यावर अडकलेला, बोटांची टोकं भिंतीला टेकलेली. तोल सावरायला धाकटीनं भिंतीवर तळवा टेकला, आणि झटक्यात उचलला.

"इथं काय लावलंय? चिकट आहे."

"काही नाही तिथं," नवरा म्हणाला. "भिंत कोरी आहे."

"कोरी कशी? ओलं आहे अजून..." तिनं बोट नाकाशी नेलं आणि माझ्याकडे बघितलं. वास माझ्यापर्यंत आला होता.

दीर पुढे झाला. त्यानं मान तिरकी केली. उन्हात भिंतीचा तेवढाच भाग चकाकत होता, सासूबाईंच्या बोटांच्या अगदी पुढ्यात.

"अक्षरं आहेत," तो म्हणाला. "आईला... आईला कुठे लिहिता येतं?"

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या, शांत, पापणी न हलवता. धाकटीनं बोट भिंतीवर ठेवलं आणि आंधळं माणूस चाचपडतं तसं एकेका अक्षरावरून सावकाश फिरवत नेलं. नवरा खुर्चीतून उठला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. इतके दिवस मी ज्याच्यासाठी घसा फोडला, ते त्याच्या तोंडावर आत्ता उमटत होतं.

"थो..." धाकटी वाचत होती. "र..."

तिचं बोट थांबलं. भिंतीवरचं शेवटचं अक्षर अजून पुरं झालं नव्हतं. आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत सासूबाईंची ती जाम बोटं हलली... वर, खाली... आणि त्यांनी ते पुरं केलं.

थोरली.