अण्णांचं माप

"तानाजीनेच केलंय, बाई. तुम्ही फक्त पुरावा द्या. संध्याकाळी मी पोलिसांत तक्रार देणार आहे."

गुरुदत्तने टेबलावर मॅगझिन आपटलं. पिस्तुलाच्या मुठीत बसणारी, गोळ्या भरायची ती चपटी पोलादी नळी. डोंबिवली एमआयडीसीतला त्याचा कारखाना लहान, पण परवाना पक्का. आखूड पिस्तुलं बनवणाऱ्या एका कंपनीला तो हा माल पुरवायचा, आणि हल्ली निम्मा वेळ परत आलेल्या मालाचं तोंड बघण्यात जायचा.

सरोज दामले यांनी मॅगझिन हातात घेतलं. विमा कंपनीसाठी जळलेल्या गोदामांची चौकशी करण्यात त्यांचा जन्म गेला होता. आता नौपाड्यात बसून त्या लोकांची खाजगी कामं घेत. सोबत भाचा मुकुल. चाळिशीचा, गाडी उत्तम चालवणारा आणि डोकं जरा निवांत चालवणारा.

"बिघाड काय आहे नेमका?"

"आतली स्प्रिंग गोळ्या वर ढकलते. ती मधेच अडकते. सगळ्यांत नाही, काहींत. पण दर लॉटला जास्तच. परवा एका बँकेच्या गार्डचं पिस्तूल अडकलं. सराव चालू होता म्हणून निभावलं, नाहीतर माणूस गेला असता! स्प्रिंगा बसवायचं काम तानाजीचं. गेटवर पिशवी उलटी केली, तर आत आमचीच स्प्रिंग. सगळ्यांसमोर हाकलला."

"म्हणजे चोर सापडला!" मुकुल म्हणाला.

"तुला गाडीत बसायचंय का?" सरोजबाईंनी विचारलं. मग त्या गुरुदत्तकडे वळल्या.

"हे कधीपासून सुरू झालं?"

"अण्णा गेल्यापासून." गुरुदत्तने भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोकडे पाहिलं. "त्यांच्या हयातीत एक नग परत आला नाही हो. मला बाहेर तोंड दाखवायची लाज वाटते."

कारखान्याच्या दाराशीच देवघर होतं. गुरुदत्तने उदबत्ती लावायला काडेपेटीसाठी खण ओढला. वातींबरोबर एक काळसर, खरखरीत कागदाचा तुकडा खाली पडला. त्याने तो उचलून परत आत टाकला.

दत्ताच्या तसबिरीपुढे अण्णांची अवजारं मांडली होती. हातोडीवर दसऱ्याचं कुंकू अजून होतं, कानशीवर गंज चढला होता. मधल्या रिकाम्या पाटावर ताजी फुलं होती.

"इथे काय असतं?"

"अण्णांचं गेज, नळी तपासायचं माप. त्यांनी स्वतःच्या हाताने बनवलेलं. सकाळी प्रफुल्ल नमस्कार करून कामाला नेतो, संध्याकाळी परत आणून ठेवतो. अण्णांच्या वेळेपासूनचा रिवाज आहे."

प्रफुल्ल तपासनीस. पन्नाशीचा, वाळका, गळ्यात किल्ली लटकवलेला. त्याच्या हातात पोलादाची एक चपटी कांडी होती. ती तो एकेका नळीत सरकवून बघत होता.

"ही आत गेली की नळी पास. अडली तर नळी आवळ, आतून अरुंद, म्हणजे रिजेक्ट," त्याने खाली बघतच सांगितलं.

मुकुलने कांडी उजेडात धरली. "काय चकाकतेय मावशी! तोंड दिसतंय. निगा असावी तर अशी."

"साहेबांचं काम आहे ते. काल गुरुवार होता ना," प्रफुल्ल म्हणाला. "अण्णा नुसते तेलाच्या फडक्याने पुसायचे. साहेब पाणी, हळदकुंकू, सगळं मनापासून करतात."

"दुसरं गेज नाही?"

"आहे की. कंपनीनं दिलेलं." त्याने कपाट उघडून खोका दाखवला. वरचं प्लास्टिकही निघालं नव्हतं. "ऑडिटवाल्यांना दाखवायला. ते सर्टिफिकेट बघतात आणि चहा पितात, नळ्या कुठे मोजतात! आणि अण्णांचं असताना हे कशाला वापरायचं?"

"गळ्यातली किल्ली कशाची?"

"भंगाराच्या पेटीची. रिजेक्ट माल त्यात जातो. किल्ली एकच, माझ्याकडे." तो जरा अडखळला. "तानाजीबद्दल मला काही विचारू नका, बाई."

खरेदी बघणारा सुधीर, म्हणजे गुरुदत्तचा चुलतभाऊ, विचारण्याआधीच उखडला.

"मी हलकी तार घेतो असं सांगितलं असेल ना गुरुदत्तने? अहो, तीनदा स्प्रिंगवाला बदलला! महागातली महाग आणली. तरी तेच. मागे तानाजी आईच्या दिवसांना गावी होता, तेव्हा स्प्रिंगा मी स्वतः बसवल्या. तो लॉटही परत आला."

"हे गुरुदत्तना सांगितलंत?"

"सांगितलं. तो म्हणतो, जायच्या आधीच करून ठेवलं असेल त्याने काहीतरी. आता बोला!"

ठाकुर्लीला तानाजीचं घर बैठ्या चाळीत होतं. दार लोटलेलं, खिडकी बंद. त्याच्या बायकोने, रंगूबाईने, फटीतून पाहिलं.

"हळू बोला ताई. शेजारी सांगितलंय, ह्यांना ताप आहे म्हणून."

तानाजी भिंतीकडे तोंड करून बसला होता. मुकुलने आल्या आल्या आवाज चढवला, "स्प्रिंग पिशवीत कशी आली? खरं सांग!"

तानाजीने मान वर केली नाही. रंगूबाईच तरातरा आत गेली आणि एक जुना टॉर्च घेऊन आली. "ह्याच्यातली स्प्रिंग गंजून मोडली, म्हणून मीच म्हटलं, भंगारातला तुकडा मिळाला तर बघा. माझ्या जिभेला आग लागो! पोरगी सासरहून फोन करते, बाबांना द्या म्हणते. हे फोनवर येत नाहीत."

"कुणी दिली ती?" सरोजबाईंनी विचारलं.

"जाऊ द्या," तानाजी पुटपुटला. "त्यांचंही पोट आहे. सगळ्यांच्या देखत डबासुद्धा उघडला माझा, बाई. भाकरी उचलून खाली बघितलं."

मुकुलला जमीन दुभंगावी असं झालं. चपला घालताना तो "येतो हं काका," एवढंच कसंबसं म्हणाला.

गाडीत बसल्यावर त्याने विचारलं, "मावशी, मग केलंय कुणी?"

"तू मघाशी ज्याचं कौतुक केलंस, त्याने."

संध्याकाळी सरोजबाईंनी गुरुदत्त, सुधीर आणि प्रफुल्ल या तिघांनाही देवघरापाशी बोलावलं. गुरुदत्तच्या खिशात तक्रारीचा कागद होता.

"परत आलेलं एक मॅगझिन आणा. स्प्रिंग काढा."

प्रफुल्लने ते मोकळं करून रिकामी नळी पुढे केली.

"अण्णांचं गेज घाला."

कांडी सुळकन आत गेली.

"पास," गुरुदत्त म्हणाला.

"आता नव्या खोक्याचं प्लास्टिक फाडा."

नवं गेज नळीच्या तोंडात गेलं आणि थोड्या अंतरावर अडलं. प्रफुल्लने दाबलं. हलेना. त्याने दुसरी परत आलेली नळी घेतली, तिसरी घेतली. प्रत्येकीत जुनं गेलं, नवं अडलं.

"नवं गेजच जाड असेल!" गुरुदत्त म्हणाला.

"मग न अडकणारं मॅगझिन आणा."

त्यात दोन्ही गेजं सरळ आत गेली.

"स्प्रिंग तीनदा बदलली, बिघाड तोच राहिला. म्हणजे दोष स्प्रिंगचा नाही," सरोजबाई म्हणाल्या. "तानाजी गावी होता तेव्हाही लॉट परत आला. म्हणजे हात तानाजीचा नाही. उरली नळी. आवळ नळीत स्प्रिंग अडकणारच. पण आवळ नळी पास कशी होते? पास करणारं मापच बारीक झालं तर. सगळ्या नळ्या आवळ नसतात, म्हणून मोजक्याच अडकतात. माप झिजत गेलं, तशा जास्त अडकायला लागल्या."

"पोलाद आपोआप झिजत नाही, बाई," गुरुदत्त म्हणाला.

"आपोआप नाहीच. हातोडीवर दसऱ्याचं कुंकू आहे, कानस गंजलीय, आणि एवढी कांडी आरशासारखी! पाणी, हळदकुंकू लागलं की पोलादावर डाग धरतो. तो डाग तुम्ही कशाने काढता, गुरुदत्त?"

गुरुदत्तचा हात खणाकडे गेला. त्याने तो कागदाचा तुकडा बाहेर काढला. पॉलिश पेपर. झिजून मऊ पडलेला.

"दर गुरुवारी," तो म्हणाला. "अण्णांच्या वस्तूवर डाग दिसू नये म्हणून... थोडंसंच घासायचो हो. थोडंसंच."

"केसभराचंच तर काम आहे तुमचं."

तो मटकन पाटाजवळ बसला. "तो गार्ड मेला असता. माझ्या पूजेनं! आणि मी तानाजीची भाकरी उचलून बघायला लावली."

"साहेब," प्रफुल्लचा आवाज फुटला. "स्प्रिंग मी दिली होती. पेटी माझ्याच किल्लीने उघडली. पिशवी उलटी झाली तेव्हा मी तिथेच उभा होतो. नोकरी जाईल म्हणून तोंड उघडलं नाही. थू माझ्यावर."

गुरुदत्तने तक्रारीचे तुकडे केले. "असला सगळा माल आजच परत मागवतो. कारण मी स्वतः कळवेन. आणि आत्ताच ठाकुर्लीला जातो, तानाजीचे पाय धरतो."

"चाळीतल्या बंद दारामागे?" सरोजबाई एकदम कडाडल्या. "पिशवी गेटवर उलटी केली होती ना? मग माफीही गेटवर, सगळ्यांसमोर."

दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी भरायच्या वेळेला गुरुदत्त गेटवर उभा होता, बाजूला प्रफुल्ल. सुधीर तानाजीला स्वतः जाऊन घेऊन आला होता. कामगार थबकले. गुरुदत्तने हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "चूक माझी होती. तानाजीची काडीची नव्हती. तानाजी, मला माफ कर."

"असू द्या साहेब," तानाजी म्हणाला.

मुकुलने सुटकेचा श्वास सोडला. कुणीतरी टाळी वाजवली. तानाजी गेटच्या आत पाऊल टाकणार, एवढ्यात थांबला. खांद्यावरची पिशवी त्याने काढली, कुणी काही म्हणायच्या आत तिचं तोंड उघडलं, डब्याचं झाकण काढलं आणि भाकरी बोटाने उचलून गुरुदत्तसमोर धरली.

"बघून घ्या," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता.

गुरुदत्तला वर बघता आलं नाही.