तीनशे बारा पानांचं पुस्तक

आमच्या वाचनालयात मी एकोणतीस वर्षं ग्रंथपाल होतो. मुदत वाढवून घ्यायला कुणी आलं की मी विचारायचो, "कितव्या पानावर आहात?" आणि तो आकडा त्यांच्या कार्डावर पेन्सिलीने लिहायचो. तीनदा तोच आकडा आला तर समजायचं, पुस्तक पेलत नाही. मग न दुखावता दुसरं सुचवायचं. ही माझीच पद्धत. बरोबर होती की नाही, कोण जाणे. चिटणीस म्हणायचे, "तुम्ही वाचकांची प्रगतिपुस्तकं भरता."

निवृत्तीनंतर त्यांनीच गळ घातली, ही कार्डं इंटरनेटवर चढवा. मला तोंडावर नाही म्हणता येत नाही. शेवटी मुलीने फोनवरून शिकवलं. ती दूर असते आणि पोटासाठी हेच काम करते.

"बाबा, वेबपेज म्हणजे नुसती खिडकी. माहिती ठेवलेली असते दुसरीकडे, डेटाबेसमध्ये. पेज उघडलं की ते दर वेळी तिकडे जाऊन विचारतं, आत्ता काय आहे? आणि तेच दाखवतं."

"म्हणजे शिपाई."

"हं, शिपाईच. त्याला पत्ता आणि पासवर्ड द्यायचा. चुकलात तर तो दारातूनच परत येईल."

अकरा दिवस तो दारातूनच परत आला. बाराव्या दिवशी दुपारी पडद्यावर त्रेचाळीस ओळी उभ्या राहिल्या: वाचक, पुस्तक, एकूण पानं, कितव्या पानावर, शेवटची नोंद कधी. मी एक नियमही लिहिला होता. पानाचा आकडा बदलला की तो तपासायचा. एकूण पानांइतका किंवा जास्त झाला असेल तर पुस्तक वाचून झालं असं समजायचं आणि ती ओळ पुसायची.

बायकोचं कार्ड चढवायला नको होतं. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. दोन बहिणींची कादंबरी, तीनशे बारा पानं. पुस्तक तिच्याबरोबर दवाखान्यात गेलं आणि तिथेच कुठे हरवलं. कॉटवरून ती म्हणाली होती, "लिहा ग्रंथपाल, एकशे चौऱ्याऐंशी. मुदत वाढवून द्या." कार्डावर माझ्याच अक्षरात १८४ होतं. तेवढंच मी चढवलं.

तिसऱ्या दिवशी तिथे १९१ दिसलं. वेळ, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं.

तिची वाचायची वेळ तीच. भांडी आवरून, बाल्कनीचं दार अर्धं लोटून, वेताच्या खुर्चीत. पण माझा माझ्यावरच भरवसा नाही. म्हटलं, आपण चुकीचं टाइप केलं असेल. पुन्हा १८४ केलं. दुसऱ्या दिवशी २०३. पासवर्ड बदलला, चिठ्ठीवर लिहून चष्म्याच्या डबीत ठेवला. माझ्याखेरीज कुणालाच बदल करता येणार नाही, अशी व्यवस्था केली. तीन वाजून दहा मिनिटांनी २११.

मुलीला फोन केला.

"चिमणे, आईच्या ओळीत तू काही बदलतेस का?"

ती म्हणाली, "मला वाटलं तुम्ही बदलताय. रोज बघते मी. म्हटलं, बाबा मन रमवतायत, कशाला विचारा."

त्यानंतर आम्ही कारणाविषयी बोललो नाही. वाचनालयातून दुसरी प्रत आणली आणि मीही बायकोबरोबर वाचू लागलो. सव्वातीनला मुलीचा फोन वाजायचा.

"आज चोवीस पानं."

"थोरलीचं लग्न मोडतं ना तिथे. म्हणून भरभर."

२६१वर आकडा दोन दिवस थांबला. तिथे धाकटी बहीण जाते.

"आई रडत असेल," मुलगी म्हणाली.

"तुझी आई पुस्तकाला रडायची नाही. नुसतं नाक लाल व्हायचं."

आम्ही दोघंही हसलो. या घरात असं हसू दोन वर्षांत ऐकलं नव्हतं.

मग २९८ आलं.

"बाबा, तुमचा तो नियम."

"हं."

"काढून टाका ना."

नियम काढला असता तरी पुस्तक संपलंच असतं. मला ते संपायला नको होतं. मी एकूण पानांच्या रकान्यात ३१२ खोडून ९९९९ लिहिलं. एकोणतीस वर्षांत एकाही पुस्तकाची पानं मी खोटी लिहिली नव्हती. तरी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी ३१२. ओळ जागच्या जागी होती. मी डोळे पुसले आणि स्वतःसाठी चहा केला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी ३१६. माझ्या प्रतीत शेवटी दोन कोरे कागद आहेत. तेही धरले तर तीनशे सोळाच होतात. त्यापुढे पुठ्ठा.

नंतरच्या दिवशी ३४०.

मग ५२०. मग ९०४. एका दुपारी तिशीच्या वर पानं ती कधी वाचत नसे. मी खुर्ची ओढून समोर बसलो. पेज पुन्हा उघडलं, १,२६०. पुन्हा उघडलं, १,३३१. फोन वाजला.

"बाबा, आई वाचत नाहीये. नुसती पानं उलटतेय."

"हो."

"शेवट शोधतेय ती."

पडद्यावर दोन हजार होऊन गेले, मग तीन.

"तीनशे बारा करा परत."

"ती जाईल, चिमणे."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "तरी करा."

मी ३१२ लिहिलं. तेव्हा तिचा आकडा ४,७१६ होता. आता आणखी एकच पान उलटलं की नियम चालणार आणि ओळ पुसली जाणार. फोन कानाला धरून आम्ही दोघं बघत बसलो. साडेतीन वाजले. चार वाजले.

आकडा हलला नाही.

याला पाच महिने झाले. मुलगी आता ते पेज उघडत नाही. फोनवर फक्त विचारते, जेवलात का. मी जेवलो म्हणतो.

मी रोज दुपारी उघडतो. आकडा ४,७१६च असतो. तिने एकही पान उलटलेलं नाही.

शेजारच्या रकान्यात शेवटची नोंद असते. आजची तारीख, तीन वाजून दहा मिनिटं.