म्हातारबाच्या जेवणाला सोबत

"अहो! काय करताय हे?" मी दारातूनच ओरडले.

खिडकीची काच बसवायला आलेला माणूस आमच्या स्वयंपाकघरात मांडी घालून बसला होता आणि चक्क कुत्र्याच्या ताटलीतला भात खात होता!

"चव बघतोय," तो म्हणाला. "अगदीच अळणी आहे हो. मीसुद्धा तोंड फिरवलं असतं."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आमच्या कुत्र्याच्या, म्हातारबाच्या, किडन्या थकल्या होत्या. डॉक्टरांनी मटण, बिस्किटं, मीठ, सगळं बंद केलेलं. मऊ भात आणि अंड्याचा पांढरा भाग, बस्स. आणि हा हट्टी त्याला तोंड लावेल तर शपथ! पोटात अन्नच गेलं नाही तर औषधं काय करणार, असं डॉक्टर म्हणाल्यापासून माझ्या जिवाला घोर लागला होता.

"रडू नका हो..." काचवाला गडबडला. "हा भात जरा कोमट करून आणा बघू."

मी आणला. त्याने एक घास स्वतः खाल्ला आणि अशी काही मान डोलावली की मला रडता रडता हसू फुटलं. दुसरा घास म्हातारबापुढे धरला. म्हातारबाने हुंगलं... त्याच्याकडे पाहिलं... आणि खाल्लं!

"एकट्याला जेवण जात नाही कुणाला," तो हळूच म्हणाला.

"उद्या याल?"

"काच तर आजच बसेल."

"काचेचं कोण बोलतंय?"

त्याचे कान लालेलाल झाले.

मग तो रोज दुपारी येऊ लागला. बोटांना पट्ट्या, शर्टावर काच चिकटवायच्या लांबीचे डाग. आम्ही तिघं फरशीवर जेवायचो. "खुर्च्या काय शोभेला ठेवल्यात?" आई विचारायची आणि गालात हसायची.

एका सकाळी म्हातारबाने माझ्या हातून सगळा भात खाल्ला. मी आनंदाने त्याच्या गळ्यातच पडले. आणि लगेच मनात आलं— आता काचवाला कशाला येईल?

मी ते लपवलं. सकाळी म्हातारबाला पोटभर भरवायचं, दुपारी काचवाल्याला सांगायचं, "छे, शिवला नाही हो!" दुपारी सोबतीला म्हातारबा दोन घास खायचा, त्यामुळे खपून जायचं.

एका दुपारी मात्र म्हातारबाने मान फिरवली. काचवाल्याने चुचकारलं, स्वतः खाऊन दाखवलं... छे! काचवाल्याचा चेहरा पांढरा पडला. त्याने म्हातारबाला उचललंच.

"चला डॉक्टरांकडे. आत्ता!" तो दाराकडे निघालाच.

"थांबा!" मी दार अडवलं. "त्याला काही झालं नाही... पोट भरलंय त्याचं. रोज सकाळी जेवतो तो. माझ्या हातून."

"रोज? मग मला कशाला बोलवत होतात?"

"तुम्ही आवडता म्हणून! आणखी कशाला?" मी चिडूनच म्हणाले. "आणि सांगितलं असतं, तर आला असतात?"

त्याने म्हातारबाला अलगद खाली ठेवलं. माझ्याकडे बघायचं धाडस होत नव्हतं त्याचं.

"मी मागेच डॉक्टरांना विचारून आलो होतो," तो पुटपुटला, "ते म्हणाले, आता घरच्यांच्या हातून खाईल, तुमची गरज नाही. मी... मी तुम्हाला सांगितलंच नाही."

"वेडा कुठला!" मी म्हटलं. "बस. जेवला नाहीस अजून."

तो बसला. मी घास त्याच्यापुढे धरला. त्याने तो खाल्ला आणि माझा हात काही सोडला नाही.