टाकीची जागा

"ओ मॅडम, गडग्यावरून उतरा! दगड सुटलेत तिथले!"

नाझिया दचकली, त्या दगडी कुंपणावरून तिचा पाय सरकला आणि ती ऑगस्टच्या धो धो सरीत लाल चिखलात बसली. हाक मारणारा तरुण धावत आला तो थेट तिच्या मोजणीच्या यंत्राकडे. कलंडणारी तिवई त्यानं दोन्ही हातांनी सावरली.

"माणूस इकडे पडलंय," ती म्हणाली.

"माणूस बोलतंय, म्हणजे बरं आहे. हे बोलत नाही ना!"

तिला राग आला... आणि हसूही.

नाझिया दाभोळची. रत्नागिरी शहराला पुढची तीस वर्षं पाणी किती लागेल, ते साठवायचं कुठे, घराघरात न्यायचं कसं, याचा आराखडा करणाऱ्या कंपनीत ती इंजिनिअर होती. आणि हा कैफ. जहाजावर इंजिनिअर, सुट्टीवर आलेला. बोलावणं कधीही येईल म्हणून त्याला घरात बसवत नसे. टेकडीवरच्या आपल्या रिकाम्या जागेत उगाच चकरा मारायचा.

तो तिला टेकडीखालच्या घरी घेऊन गेला. त्याच्या अम्मीनं, नसीमाचाचींनी, टॉवेल दिला, चहा दिला. नाझियानं सवयीनं विचारलं, "घरात माणसं किती, चाची?"

"दोन."

"पुढे वाढतील?"

"मीही याला तेच विचारतेय, पोरी. उत्तर मिळालं तर मलाही सांग!"

कैफला चहाचा ठसका लागला.

दुसऱ्या दिवसापासून तो तिची तिवई उचलून बरोबर फिरू लागला. नको म्हटलं तरी यायचा. आला नाही की तिचं लक्ष रस्त्याकडे. टेकडीवरच्या वस्तीत तिनं एका नळाला पाण्याचा दाब मोजायचं घड्याळ लावलं. दोघं त्यावर वाकले. केसांतलं पाणी एकमेकांच्या हातांवर टपकत होतं.

"काटा हलतच नाही," ती पुटपुटली.

"माझा तर केव्हाचा हलतोय..."

"मग तुमचा बिघडलाय," ती म्हणाली खरी, पण पुढचा आकडा तिनं चुकीचा लिहिला.

आभाळ फाटल्यासारखं कोसळत होतं आणि त्या वस्तीतले नळ कोरडे होते. खालच्या विहिरीवरून हंडा घेऊन सावित्रीकाकू जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची पाखाडी चढायच्या. मध्येच गुडघ्यावर हात ठेवून थांबायच्या, वर बघायच्या, पुन्हा चढायच्या.

एका संध्याकाळी कैफनं तिला गडग्याच्या आत, आपल्या रिकाम्या जागेत नेलं. "इथे घर बांधणार मी. ही खिडकी समुद्राकडे. जहाजावर रात्र सरत नाही ना, तेव्हा मी या घरात फिरतो... तुला कसं वाटतं?"

त्यानं पहिल्यांदाच तिला 'तू' म्हटलं होतं. आणि तिच्या वहीत नेमक्या त्याच जागेवर पाण्याच्या टाकीची खूण होती.

वस्तीच्या वर टाकी बांधायला तेवढी एकच जागा होती. तिनं पुन्हा पुन्हा हिशेब केला. खाली टाकी बांधून पंपानं पाणी चढवता आलं असतं, पण वादळात वीज जायची, पंप थांबायचा, आणि काकू पुन्हा पाखाडीवर. तिला झोप लागेना. कैफचा फोन वाजायचा, ती 'कामात आहे' म्हणायची आणि फोन हातातच धरून खोलीत येरझाऱ्या घालायची.

शेवटी तीच गेली आणि सगळं सांगून टाकलं.

कैफचा चेहरा उतरला. "म्हणजे जागेसाठी फिरत होतीस माझ्याबरोबर?"

"जागा मी तुला ओळखायच्या आधीच मोजली होती. फिरले ते—" ती वळली आणि भरभर उतरून आली.

आराखड्यात तिनं तीच जागा सुचवली. दुसरं काही लिहिणं तिला जमलंच नाही. मग दिवस जाता जाईनात. कुठे गाडी थांबली की ती खिडकीशी. नगरपालिका कैफला विचारणार होती. तो नाही म्हणाला असता तरी त्याचं काय चुकलं असतं? पण निदान एक फोन...

त्या दुपारी ती वस्तीत पोचली तर पाखाडीवर कैफ! खांद्यावर सावित्रीकाकूंचा हंडा, शर्ट चिंब, मागून काकू सांगताहेत, "सांभाळून रे, हिंदकळतंय!"

त्यानं हंडा ओट्यावर उतरवला. धापा टाकत तिच्यासमोर आला.

"रागाच्या भरात बघायला आलो होतो, खरंच एवढा त्रास आहे का. आता रोज येतो. जागा दिली मी, नाझिया. आज नगरपालिकेत सांगून आलो. तुझ्यासाठी नाही हं."

"बरं." ती म्हणाली. "आणि घर?"

"दुसरीकडे. परवा मी जहाजावर चाललोय. परत येईपर्यंत जागा तूच बघ. समुद्र नसला तरी चालेल, तो मी पोटभर बघतो. नळाला पाणी जोरात यायला हवं. आणि... तुला आवडायला हवी."

"मला कशाला?"

"राहायचंय ना तुला... म्हणजे, हो म्हणालीस तर..."

पन्हळीतून पाणी धबाधबा पडत होतं. काकू दारात उभ्या राहून उघड उघड ऐकत होत्या.

"असं पाखाडीवर विचारतात?" नाझिया म्हणाली. "आमच्या घरी जाऊन अब्बांना विचारायचं."

"तेच तर! अम्मी खाली गाडीत बसलीये मघापासून. तिला हा चढ झेपत नाही, नाहीतर तिनंच वर येऊन विचारलं असतं. दाभोळला निघालोय आम्ही. फक्त... तुझं उत्तर राहिलंय."

नाझियानं त्याच्याकडे डोळे भरून पाहिलं. मग मनगटावरच्या घड्याळाकडे.

"मग इथे काय उभा आहेस? चल, मीही येते. धोपाव्याहून दाभोळला जाणारी फेरीबोट चुकेल ना!"

आणि त्याच्याही आधी तीच पाखाडी उतरू लागली.