बारा खड्यांचं एकमत

हुपरीच्या जडाव प्रयोगशाळेत खडा बसवताना कुणी मोठ्यानं बोलत नसे. म्हणूनच डॉ. बागवान हाका मारत आत शिरले, तेव्हा कुमुद पोतदारांच्या हातातली सळई जागच्या जागी थबकली.

"कुमुदताई, बिनतारी यंत्रावर रेवतीचा आवाज आलाय. पण ती वाट चुकलीय."

रेवती ही कुमुदताईंची एकुलती एक लेक. अंटार्क्टिकावर पैसेवाल्या प्रवाशांना बर्फावर फिरवून आणणं हे तिचं काम. सौरवादळानं दिशा दाखवणारे उपग्रह मुके झाले होते. वाटेवरच्या खुणा तपासायला ती एकटीच बाहेर पडली आणि हिमवादळात सापडली. पुढे पांढरं, मागे पांढरं, आणि आसपास माणूस गिळणाऱ्या बर्फाच्या भेगा.

"पण घड्याळ आहे ना तिच्या हातात?"

"घड्याळच चुकवतंय तिला. काट्यामागे चालतेय, तरी तळ येतच नाही."

ते घड्याळ कुमुदताईंच्याच हातचं होतं. त्याच्या तबकडीतले बारा हिरे नुसते शोभेचे नव्हते. प्रत्येक हिरा 'कालमणी' होता, स्वतःच एक घड्याळ. तळावरच्या मनोऱ्याचा संकेत बर्फकड्यांवर आपटून चारी बाजूंनी येई. त्यातला सरळ आलेला कोणता, हे कालमणी अचूक वेळेवरून ओळखत आणि काटा तिकडे वळे. एखादा मणी बिघडलाच, तर बाकीचे अकरा त्याला बाद करत. या व्यवस्थेला बागवानांनीच 'मतमेळ' असं नाव दिलं होतं.

"बाराच्या बारा कसे चुकतील, डॉक्टर?"

"थंडीत सोनं आक्रसतं, हिरा जवळजवळ नाहीच. कोंदण खड्याला आवळतं आणि आवळलं की त्याचा ठोका बदलतो. आपण चाचणी घेतली त्याहून तिथलं तापमान फार खाली गेलंय." बागवानांनी कपाळ पुसलं. "कोंदणं कमीजास्त घट्ट असती, तर खडे आपसांत भांडले असते आणि घड्याळानं धोक्याची घंटा दिली असती. पण कंपनी एकाच हाताचं काम म्हणून विकते ना ही घड्याळं. तुमचा हात इतका सारखा, की बाराही एकाच मापानं चुकतायत. भांडणच नाही, तर खोटं पकडणार कोण?"

कुमुदताईंनी हात पदराखाली घेतले.

"एक खडा सैल केला तर?" त्यांनी हळूच विचारलं.

"तर तो दाबातून सुटेल आणि खरं बोलेल. बाकीचे त्याला बाद करतील. पण बाद मणी कुठली दिशा दाखवतो, तेही घड्याळ लाल ठिपक्यानं सांगतं."

यंत्रातून खरखर आली. "आई?"

"रेवे, पिन आहे का गं तुझ्याजवळ?"

"आहे, खिशाला लावलेली. का?"

"सातच्या जागचा खडा सैल करायचा. त्याला धरणारे सोन्याचे चारही दात उचल, चारही हं. एकच उचललास तर खडा तिरपा दबेल आणि तिसरंच काहीतरी बोलेल. आणि खडा बाहेर पडू द्यायचा नाही."

"लहानपणी तुझ्या बाकड्याला नुसतं बोट लावलं तरी फटका द्यायचीस," रेवती हसायला गेली, पण दात वाजत होते. "हातमोजा काढावा लागेल."

"काढ, बाळा."

मग फक्त वारा ऐकू येत राहिला. कुमुदताई डोळे मिटून अंबाबाईचं नाव पुटपुटत होत्या. सगळ्या आयुष्यात त्यांनी सैल खडा हातावेगळा केला नव्हता.

"सुटला! आई, सात नंबर बाद दाखवतंय. लाल ठिपका पार उलट्या बाजूला आहे."

"तिकडेच चालायचं."

"थांब, दिवे दिसतायत! भेगेच्या पलीकडे सहा दिवे. मला शोधायला आलेत. हात करून बोलावतायत, पण ठिपक्याच्या विरुद्ध!"

बागवानांनी कुमुदताईंकडे पाहिलं. त्या पांढऱ्या नरकात सहा माणसं, दोर, ऊब. आणि दुसऱ्या बाजूला एक सैल खडा. जा त्यांच्याकडे, हे शब्द कुमुदताईंच्या अगदी ओठावर आले होते.

"रेवे," त्या म्हणाल्या, "त्यांच्याकडे जाऊ नकोस. ठिपका सोडू नकोस."

"एकटी?"

"एकटी."

किती वेळ गेला कोण जाणे. मग रेवतीचा रडका आवाज आला. "मनोरा! आई, मनोऱ्याला हात लावलाय मी!"

बागवान खुर्ची ओढून बसले. कुमुदताई मात्र उभ्याच राहिल्या. त्यांचा चेहरा अजून पांढराफटक होता.

"त्या सहा जणांना परत फिरवा, डॉक्टर. आत्ता."

शोधपथकाचे प्रमुख मोहिते यंत्रावर लगेच सापडले. आवाजात दमणूक होती, पण घोर कसलाच नव्हता.

"मोहिते, जिथं आहात तिथं थांबा," कुमुदताई म्हणाल्या. "घड्याळं चुकतायत. पोरगी तळावर पोचली, तुम्ही उलटे चाललाय."

"या पांढऱ्यात भास होतात हो, ताई. पोरीला कुठलातरी कडाच मनोरा वाटला असेल. तिला घेऊनच येतो, घड्याळ बघत ती पुढंच गेली असणार. आमची सहाही घड्याळं एकच दिशा दाखवतायत." मोहिते मायेनं हसले. "आणि सहाही तुमच्याच हातची आहेत. मग भीती कसली?"